शस्त्रक्रियेनंतरचा रक्तदाब : दुर्लक्ष नको

जबलपूरच्या ओमती परिसरातील व्हिक्टोरिया अर्थात सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आणि शहरातील महिलांचे राणी दुर्गावती (एल्गिन) रुग्णालय ही नावे येथील मराठी कुटुंबांना परिचित आहेत. गर्भाशय काढण्याची किंवा सिझेरियनची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तथापि त्यानंतर रक्तदाबावर लक्ष ठेवणेही तितकेच आवश्यक असते.

रक्तदाब का वाढतो?

भूल उतरताच जाणवणाऱ्या वेदना, भीती, थंडी वाजून येणारी हुडहुडी, लघवी तुंबणे, सलाईनचे अधिक प्रमाण आणि प्राणवायूची कमतरता ही प्रमुख कारणे होत. मूळ कारण दूर केल्यास हा रक्तदाब बहुधा उतरतो. काही वेदनाशामक गोळ्यांनीही तो वाढू शकतो. आधीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रीची नेहमीची गोळी बंद राहिल्यासही असे घडते. कोणती गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी घ्यावी व कोणती थांबवावी, हे भूलतज्ज्ञांनीच ठरवावे.

सिझेरियननंतर विशेष दक्षता

प्रसूतीनंतर रक्तदाब साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक असतो. म्हणजे अनेकदा घरी परतल्यावर. गरोदरपणात तो नियंत्रणात असला, तरी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत धोका संभवतो. १४०/९० किंवा अधिक नोंद आल्यास डॉक्टरांना कळवावे. १६०/११० वा अधिक नोंद, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बरगड्यांखाली पोटदुखी, धाप किंवा झटके यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

अंडाशय काढल्यास

रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही अंडाशय काढल्यास ती अकाली ओढवते व पुढे रक्तदाब आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले. त्यांत ऊसतोड कामगार स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. म्हणूनच शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे का, हे दुसऱ्या तज्ज्ञांकडूनही जाणून घ्यावे.

घरी काय करावे?

पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजावा. पासबुकातील नोंदींप्रमाणे तारीख, वेळ व आकडे वहीत लिहावेत आणि डिस्चार्ज कार्डासह तपासणीस न्यावेत. मीठ बेताचे असावे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

घरातील सर्वांची काळजी घेणारी स्त्री स्वतःच्या दुखण्याविषयी क्वचितच बोलते. तिची विचारपूस करण्याची जबाबदारी म्हणूनच कुटुंबाची आहे.