जात्यावरचं इंजिन

वाफेच्या इंजिनाला तोंड एकाच बाजूला. उलटं हाकायचं तर मागे जोडलेल्या टेंडरमधला कोळशाचा ढीग चालकाच्या नजरेच्या आड येतो आणि वेग आवरावा लागतो. म्हणून मोठ्या शेडमध्ये टर्नटेबल हवंच, म्हणजे गोल खड्ड्यात फिरणारा रुळांचा पूल. लंडनच्या कॅम्डनमधलं 1847 चं राउंडहाउस त्याभोवतीच बांधलेलं. आता तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. टर्नटेबलचं तत्त्व जात्याचं. भार मधल्या खुंट्यावर नीट तोलला की अजस्र इंजिन माणसं हातांनी ढकलून फिरवत. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी तर इंजिनाच्याच व्हॅक्यूमवर टर्नटेबलची मोटर चाले. म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःला फिरवून घेई.

हेच जातं मला घरच्या मॉडेल रेल्वेसाठी प्लायवुडवर हवं होतं. छंदातलं माप एचओ, म्हणजे 1:87. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर या मापात 19.3 होतात, बाजारात मिळणारा रूळ मात्र 16.5 चा. ती तडजोड मी निमूट पत्करली. खड्डा 30 सेंटिमीटरचा घेतला, म्हणजे खऱ्या जगातले 26 मीटर.

मोटर घेतली ती 28बीवायजे-48. स्वस्त, बोटभर उंचीची स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर. आर्डुइनो शिकणाऱ्या पोरांच्या खोक्यात हमखास सापडते. कागदावर गिअरचं प्रमाण 1:64, म्हणजे एका फेरीला 2048 पावलं. तेवढीच मोजून पूल फिरवला, तर पहिल्याच फेरीअखेर रूळ पावणेपाच मिलिमीटर पुढे! रुळाचा माथा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यामुळे इंजिन थेट खड्ड्यात.

दोन संध्याकाळी मी खुंट्यालाच दोष देत बसलो. शेवटी मोटर उघडून दाते मोजले. चार जोड्या निघाल्या: 32 ला 9, 22 ला 11, 26 ला 9, 31 ला 10. गुणाकार 63.684. म्हणजे फेरीला पावलं 2037.886, आणि कडेला एक पाऊल 0.46 मिलिमीटरचं. हा अपूर्णांक बरोबर पूर्णांकात बसायला 405 फेऱ्या लागतात. छापील आकड्यावर विश्वास ठेवणारा मी काही पहिला नसेन.

उपाय साधा होता. पुलाखाली लोहचुंबक, खड्ड्यात हॉल सेन्सर. चुंबक समोरून गेलं की मोजणी पुन्हा शून्यावर. चूक साचत नाही. गिअरच्या ढिलाईला मात्र सेन्सर पुरत नाही. एका अंशाची ढिलाई म्हणजे कडेला 2.6 मिलिमीटर. म्हणून कुठल्याही रुळाशी पूल नेहमी एकाच बाजूने आणायचा. दुसरीकडून यायचं असेल तर थोडं पुढे जाऊन परतायचं.

राहिली वीज. पूल अर्धा फिरला की त्याचे दोन रूळ धन-ऋण अदलाबदल करून समोर येतात, आणि शॉर्टसर्किट. खुंट्यावर तांब्याची कडी बसवून ती दोन अर्धुकांत चिरली की अदलाबदल आपोआप होते. डीसी मोटरमधल्या कम्युटेटरचीच ही युक्ती. चीर मात्र अशा कोनात ठेवावी, जिथे एकही रूळ येत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. मुलांना तिथे जरूर न्या. आणि घरी परतल्यावर करवत हातात घ्यायचा मोह झालाच, तर आधी तुमच्याकडचं सर्वांत लांब इंजिन मोजा. टेंडरसकट.