मुलगी ‘डेव्हलपमेंट’ शिकायचं म्हणतेय?



आपली दुसरी पिढी कॉलेजात जायला लागली, आणि ‘मला इंटरनॅशनल डेव्हलपमेंटमध्ये काम करायचंय’ असं मुलीने म्हटलं की आई-बाबा एकमेकांकडे बघतात. मी स्वतः इंजिनिअर, पोटापाण्याला आयटी. पण पुण्याची टीम आणि इथली टीम यांच्यात दुवा म्हणून काम करताना क्रॉस-कल्चरल ट्रेनिंगशी संबंध आला, आणि ही दोन क्षेत्रं सख्खी भावंडं आहेत हे लक्षात आलं.

१९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी गरीब देशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. शेतीतज्ज्ञ, इंजिनिअर परदेशी निघाले. त्यांच्या तयारीसाठी वॉशिंग्टनच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये एडवर्ड हॉल हे मानववंशशास्त्रज्ञ शिकवायचे. शिकणाऱ्यांना सिद्धांत नको होते, म्हणून हॉल यांनी वेळ, अंतर, आवाज, हावभाव अशा रोजच्या गोष्टींवर भर दिला.

आपल्याला हे चटकन कळतं. पुण्याहून फोनवर आलेलं ‘येस, येस’ म्हणजे कधी ‘झालंच समजा’, कधी ‘ऐकलं, बघतो’, तर कधी ‘साहेब लाइनवर आहेत, नाही कसं म्हणू?’ आयटीत त्याने फार तर रिलीज लांबतं. गावच्या पाणी योजनेत मात्र सरपंच ‘हो’ म्हणाले, मागे सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विहीर भलत्याच जागी खणली, तर बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. महाराष्ट्रात २००३ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून आलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात निर्णय ग्रामसभेने घ्यायचा आणि खर्चाचा काही वाटा गावाने उचलायचा, अशी अट होती. चांगला ट्रेनर हेच शिकवतो: ‘समजलं का?’ विचारू नका, ‘उद्या पहिलं काम कोणतं कराल?’ असं विचारा.

(हॉफस्टेड यांचे देशोदेशीचे आकडे प्रत्येक स्लाइडवर असतात. त्यांचा मूळ पाया १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. त्यावरून शेतकऱ्याचं मन ओळखायला मी तरी जाणार नाही.)

आता नोकरीचं. सल्लागाराचं काम बहुधा कंत्राटी, दिवसावर मोजलेलं. जागतिक बँकेत अल्पमुदतीच्या सल्लागाराला वर्षाला जास्तीत जास्त १५० दिवस मिळतात. ‘डेव्हलपमेंट तज्ज्ञ’ म्हणून कोणी घेत नाही. पाणी, सार्वजनिक आरोग्य, हिशेब, डेटा यांतलं काहीतरी पक्कं यावं लागतं. दोन संस्कृतींत वाढलेल्या आपल्या मुलांना कान तयार मिळतो, पण तो पदवीच्या जागी चालत नाही. पश्चिम आफ्रिकेत जायचं तर फ्रेंचही हवं.

आणि सध्याचा काळ कठीण आहे. १९६१ पासूनची अमेरिकेची यूएसएआयडी १ जुलै २०२५ ला बंद होऊन उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ब्रिटनचं स्वतंत्र मदत खातं २०२० मध्येच परराष्ट्र खात्यात विलीन झालं, आणि तिथली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर येणार आहे. अनुभवी माणसंच काम शोधताहेत. तेव्हा नुसत्या ‘डेव्हलपमेंट स्टडीज’च्या मास्टर्ससाठी मोठं कर्ज आज मी काढू देणार नाही, पब्लिक हेल्थ किंवा सिव्हिलसाठी जरूर विचार करेन.

जाता जाता, एच-१बी वाल्यांसाठी: जागतिक बँकेच्या परदेशी कर्मचाऱ्यांना जी-४ व्हिसा मिळतो. लॉटरी नाही, पण तो त्याच नोकरीला बांधलेला असतो. ग्रीन कार्ड रांगेत असेल तर आधी वकिलाशी बोला.