वीजघरातली निवांत सुट्टी

लंडनच्या सहलीत एक अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि थेम्सकाठच्या टेट मॉडर्नमध्ये जा. कायमचा संग्रह पाहायला तिकीट लागत नाही, म्हणजे पैसे वसूल करायची घाईही नाही. निघण्याआधी या काही गमती वाचून ठेवा.

इथे वीज बनायची!
हे मूळचं बँकसाइड वीजकेंद्र. १९८१ साली बंद पडलं आणि २००० साली कलासंग्रहालय म्हणून उघडलं. चिमणी ९९ मीटर उंच. नदीपलीकडच्या सेंट पॉल्सच्या घुमटापेक्षा मुद्दाम ठेंगणी ठेवलेली.

राजाबाई टॉवरचं नातं!
वीजकेंद्राचे वास्तुरचनाकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. लंडनची ती लाल टेलिफोन पेटीही त्यांचीच. आणि मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे त्यांचे सख्खे आजोबा!

खुशाल आडवे व्हा!
२००३ मध्ये कलाकार ओलाफुर एलियासन यांनी इथल्या टर्बाइन हॉलमध्ये सूर्य उभा केला. अर्धं वर्तुळ पिवळ्या दिव्यांचं, उरलेलं अर्धं छताच्या आरशातलं. लोक फरशीवर उताणे पडून छतातल्या इवल्याशा स्वतःला हात करायचे.

१० कोटी बिया
२०१० मध्ये आय वेईवेई यांनी याच हॉलमध्ये सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. सगळ्या चिनी मातीच्या, एकेक हाताने रंगवलेली!

भेगेचा व्रण
२००७ मध्ये डोरिस साल्सेदो यांनी हॉलच्या जमिनीला १६७ मीटर लांब तडा पाडला. वंशभेदाने माणसांत पडणारी फट त्यांना दाखवायची होती. तडा नंतर बुजवला, पण व्रण राहिलाच. वाकून पाहा, पायाखालीच सापडेल.

आपले मुंबईकर
२००२ मध्ये हा हॉल लाल पडद्याच्या अजस्र कर्ण्यांनी भरून टाकणारे अनिश कपूर जन्माने मुंबईचे. २०१६ मध्ये इथे मोठं प्रदर्शन झालं ते चित्रकार भूपेन खख्खर यांचं. तेही मुंबईतच जन्मलेले.

रॉथकोंसमोर बसा
चित्रकार मार्क रॉथको यांनी न्यूयॉर्कच्या एका आलिशान रेस्टॉरंटसाठी चित्रं काढायला घेतली, मग मन बदललं. पुढे त्यातली काही टेटला भेट दिली. ती लंडनला पोचली २५ फेब्रुवारी १९७० रोजी, रॉथको गेले त्याच दिवशी. ती मांडलेली असतील, तर मंद उजेडात दहा मिनिटं बसा. आधी नुसता काळपट लाल रंग दिसतो. मग डोळे सरावतात आणि रंगाच्या आतून रंग वर येऊ लागतो. बाकीची दालनं राहिली तरी चालतील, ही दहा मिनिटं चुकवू नका.