खकनारची ग्रामसभा: सरपंच असतो, पण अध्यक्ष वेगळा!

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींना स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आहे, विंडो रॉकला त्याचं कार्यालयही आहे. आपल्याकडे तसं काही नाही. पण बुऱ्हाणपूरच्या लालबागकरांनो, आपल्याच जिल्ह्यातलं खकनार बघा!

आपण नगर निगमवाले. खकनार विकासखंड मात्र राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो, म्हणून तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू. कायदा 1996 चा. मध्य प्रदेशचे नियम यायला 15 नोव्हेंबर 2022 उजाडला. 26 वर्षं! (महाराष्ट्राचे 2014 लाच आले होते.)

मला सगळ्यात आवडलेली तरतूद: ग्रामसभेचा अध्यक्ष आदिवासीच हवा आणि तो सरपंच, उपसरपंच किंवा पंच नसावा. म्हणजे पंचायतीचा कारभार करणारा वेगळा, त्याला जाब विचारणाऱ्या सभेचा प्रमुख वेगळा. सचिव मात्र पंचायतीचाच. दप्तर त्याच्याच हातात, खरी मेख तिथेच आहे.

ग्रामसभेची बाकी कामं म्हणाल तर तेंदूपत्ता, गावतळी, दारूदुकानाला हो-नाही, सावकारीवर नजर, किरकोळ भांडणं मिटवायला शांतता समिती. शिवाय पटवाऱ्याने दरवर्षी नकाशा, खसरा, बी-1 अशा जमिनीच्या नोंदींच्या नकला गावात आणून द्यायच्या. खकनारकडे नातेवाईक असतील तर विचारा, यंदा आल्या का?