बुलढाण्याच्या ताराबाई

परवा वाचनालयात ‘स्त्री-पुरुष तुलना’ हाती लागलं. छोटंसं पुस्तक, उभ्याउभ्याच वाचत सुटले.

लेखिका ताराबाई शिंदे, साल १८८२. त्याआधी सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली होती (पुढे शिक्षा कमी झाली). त्यावरून वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या चारित्र्यावर घसरली.

ताराबाई खवळल्या आणि या पुस्तकातून त्यांनी उत्तर दिलं. बायको गेली की पुरुषाला दुसरं लग्न चालतं, मग विधवेला का नाही? तिला फसवणारा मात्र नामानिराळा! भाषा कशी, तर थेट माजघरातली, धारदार. मला तीच सर्वांत आवडते.

टीका झाली तेव्हा जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून पाठीशी उभे राहिले. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

जरूर वाचा.