वृद्धांच्या दैनंदिन क्रिया, सामाजिक संपर्क आणि विषण्ण मनोवस्था : जठारपेठ (अकोला) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वृद्धापकाळ अटळ आहे. विषण्णता मात्र अटळ नाही. तरीही घरातील ज्येष्ठ व्यक्ती अबोल झाली, बाहेर पडेनाशी झाली की 'आता वय झाले' असे म्हटले जाते आणि उपचारयोग्य व्याधी नजरेआड होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील लोकसंख्या १० कोटींहून अधिक होती. दैनंदिन क्रिया, सामाजिक संपर्क व मनोवस्था यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दैनंदिन क्रियांचे स्वरूप :
सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये स्नान, वस्त्रधारण, भोजन इत्यादी ६ मूलभूत क्रियांच्या आधारे स्वावलंबन मोजण्याची पद्धती मांडली. लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये खरेदी, स्वयंपाक, प्रवास, पैशाचे व्यवहार अशा अधिक गुंतागुंतीच्या क्रियांचा विचार केला. या दुसऱ्या गटातील बऱ्याच क्रिया माणसांच्या संपर्काशिवाय पूर्ण होत नाहीत.

अकोल्यातील जठारपेठेसारख्या निवासी वस्तीत हे सहज लक्षात येते. भाजी आणायला गेलेली व्यक्ती भाव करते, दोन शब्द बोलते, वाटेत जुन्या सहकाऱ्याची विचारपूस करते. सेवानिवृत्तांना हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत जाणे त्रासाचे असले, तरी तेथे समवयस्क भेटत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल 'जीवन प्रमाण' सुविधेने ही पायपीट कमी केली. अशक्त वृद्धांसाठी ती मोठीच सोय आहे. परंतु पायपिटीसोबत ही भेटही कमी झाली.

विषण्णतेचे चक्र :
कमिंग व हेन्री यांनी १९६१ मध्ये वृद्धांची समाजापासून होणारी अलिप्तता स्वाभाविक मानली. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांनी मात्र सक्रियतेचा संबंध वार्धक्यातील समाधानाशी जोडला. पुढे १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी असे प्रतिपादन केले की, आनंद व प्रतिसाद देणारे अनुभव घटले की मन खिन्न होते. खिन्नतेमुळे क्रिया आणखी घटतात. म्हणजेच निष्क्रियता ही विषण्णतेचा परिणाम असते, तशीच तिचे कारणही असते.

'तुम्ही आता आराम करा' असे म्हणून मुले-सुना एकेक काम काढून घेतात, तेव्हा त्यामागे प्रेमच असते. तथापि कामासोबत त्यातून मिळणारा संपर्क व 'आपली गरज आहे' ही भावनाही हिरावली जाते. येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या वृद्ध-विषण्णता मापनश्रेणीत आवडीनिवडी व कामे सुटली काय, असा प्रश्न समाविष्ट आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो.

उपाययोजना व मर्यादा :
गोव्यात सौम्य लक्षणे असलेल्या ६० वर्षे व त्यावरील १८१ व्यक्तींवर झालेले संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी समस्या-निराकरण, झोपेविषयी मार्गदर्शन व शासकीय योजनांसाठी साहाय्य दिले. वर्षभरात त्या गटातील सुमारे ४ टक्के व्यक्तींना, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील सुमारे १४ टक्के व्यक्तींना तीव्र विषण्णता जडली. हे यश केवळ सक्रियतेचे म्हणता येणार नाही. परंतु मानसोपचारतज्ज्ञ नसतानाही प्रतिबंध शक्य आहे, हे त्यातून दिसते.

सक्रियतेचा आग्रह सरसकट धरणेही योग्य नाही. गुडघेदुखी, कमी ऐकू येणे, जोडीदाराचा मृत्यू ही कारणे वास्तव आहेत. वऱ्हाडातील एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बाहेर पडणे घातक ठरते. त्या काळात भेटीगाठी सकाळ-सायंकाळी योजाव्या लागतात. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची शासकीय सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

समारोप :
वृद्धांची सेवा म्हणजे त्यांना कामापासून मुक्त करणे नव्हे. झेपेल असे, इतरांशी जोडणारे आणि ज्याची घराला खरोखर गरज आहे असे एखादे काम त्यांच्याकडे राहू देणे, हाही सेवेचाच भाग आहे. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून परिसरातील ज्येष्ठांकडे केवळ मदत घेऊन न जाता त्यांच्याकडून काही शिकण्यासाठी गेल्यास हा संपर्क दुहेरी होईल.