चुली दोन, नाव एक

संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम संगणकासमोर बसल्यावर सुरू होतं, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. तो गोसीखुर्दला एका ओसरीवर मोडला.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ३३ दरवाजांमागे पाणी अडणार म्हणजे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठणार. अशा गावांतल्या कुटुंबांची यादी ठेवणारा एक लहानसा प्रोग्राम मी एका संस्थेला करून दिला होता. त्याआधी मी मसुदाही लिहिला होता. आमच्या धंद्यात त्याला रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन म्हणतात. प्रोग्रामने काय काय केलं पाहिजे, हे तो बनवण्यापूर्वी लिहून दोन्ही बाजूंनी मान्य करायचं, एवढाच त्याचा अर्थ. कसं करायचं, हा पुढचा प्रश्न.

माझ्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'प्रत्येक घर क्रमांकास एक कुटुंब नोंदवता यावे.' वाक्य सुटसुटीत होतं, सही झाली. नोंदी भरायला गावात गेलो, तर दुसऱ्याच घरी संगणकाने नाव घ्यायचं नाकारलं. म्हातारेबुवा म्हणाले, "साहेब, चुली दोन अन् नाव एकच, असं कसं जी?"

त्यांनी कागद काढले. राशन कार्ड एकच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरं दोन. सातबारावर अजून त्यांच्या वडिलांचं नाव. तिन्ही कागद खरे, आणि तिघांचं गणित वेगळं. धाकटा मुलगा लग्न होऊन वेगळा झालेला. त्याचं कुटुंब मोजायचं की नाही? भावाकडे परत आलेली बहीण कुठे लिहायची? वय कोणत्या तारखेला धरायचं? ही उत्तरं कायद्यात, शासन निर्णयात आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीत शोधायची असतात. मी ती न विचारता एका ओळीत देऊन टाकली होती. ती ओळ तशीच राहिली असती, तर धाकट्याचं नाव यादीत आलंच नसतं, आणि संगणकाची यादी म्हटल्यावर तिच्याशी वाद कोण घालणार?

मापांचंही तसंच. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलणं मात्र एकरात. मसुद्यात नुसतं 'क्षेत्र' लिहिलं आणि कुणी पाच एकरांचा आकडा हेक्टरच्या रकान्यात भरला, तर शेत जवळजवळ अडीचपट होतं! मोठ्यांचंही असं होतं. १९९९ साली नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' हे यान मंगळापाशी नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडांच्या मापात दिले, पुढे ते न्यूटनच्या मापात धरले गेले. खरं तर मसुद्यात मेट्रिक मापच सांगितलेलं होतं. ते पाळलं जातंय का, याची नीट तपासणी झाली नव्हती.

म्हणून दुसऱ्या खेपेला प्रत्येक वाक्य तपासता येईल असंच लिहिलं. 'यादी लवकर दिसावी' खोडलं. 'गावाचं नाव दिल्यावर दहा सेकंदांत दिसावी' असं केलं. घड्याळ लावून बघता येतं. 'कुटुंब' या शब्दाला स्वतंत्र पान दिलं. एका घर क्रमांकाखाली कितीही कुटुंबं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक, आणि नोंद कोणत्या कागदावरून घेतली तेही सोबत.

मग मसुदा त्याच ओसरीवर वाचून दाखवला. ही रीत कुठल्या पुस्तकात आहे म्हणून नव्हे. ऐकणाऱ्यांना चूक लगेच सापडते म्हणून. एका बाईंनी विचारलं, कामासाठी नागपूरला गेलेला मुलगा मोजणीच्या दिवशी घरी नसला तर? मला उत्तर माहीत नव्हतं. मसुद्यात 'निर्णय बाकी' असा रकाना घातला, आणि शेजारी निर्णय कुणी, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा ते लिहिलं. त्या रकान्यात त्या दुपारी सात प्रश्न जमले.